रेवड्यांची कुस्ती आणि मोबाइलवरचे पॉइंट

माझी भाची मिरजेत नर्स आहे आणि दीड वर्षापासून जर्मन शिकतेय. गेल्या पावसाळ्यात दोन दिवस सांगलीला आमच्याकडं राहायला आली होती. रात्री पावणेबाराला लाईट गेली, वायफाय बंद पडलं, तशी ही मोबाइल घेऊन गच्चीवर पळाली. मला वाटलं, वॉर्डातून फोन आला. वर जाऊन बघतो तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला डोक्यावर ओढणी धरून उभी, आणि अंगठा स्क्रीनवर भराभरा चाललाय.

"काय झालं गं?"

"दोन मिनिटं थांबा की मामा. बाराच्या आत एक धडा झाला नाही तर माझा २१३ दिवसांचा स्ट्रीक जाईल!"

धडा कुठला, तर 'मी पाणी पिते, तू दूध पितोस.' हे तिला पहिल्याच आठवड्यात येत होतं. अवघड धडा काढला आणि चुकला तर वेळ जाईल, म्हणून मुद्दाम सोपा काढलेला. बाराला चार मिनिटं कमी असताना मोबाइलमधून टाळ्या वाजल्या, रंगीत कागद उडाले, आणि बाईसाहेब भिजून खाली आल्या. खुशीत होती. मी मात्र जिन्यात उभा राहून विचार करत होतो, की आज ही जर्मन काय शिकली?

मी टायपिंगचा क्लास चालवतो. मशिनच्या खडखडाटापासून आताच्या कॉम्प्युटरपर्यंत सगळं पाहिलं. पोरांना रोज तासभर एका जागी बसवणं हाच माझा धंदा. त्यामुळं लोकांना शिकायला बसवण्याची कुठलीही नवी युक्ती दिसली की मी ती उलटीपालटी करून बघतो.

या युक्तीचं नाव गेमिफिकेशन. निक पेलिंग नावाच्या ब्रिटिश प्रोग्रामरनं २००२ साली हा शब्द काढला. अर्थ सोपा आहे: जे काम खेळ नाही, त्याला खेळाची अवजारं लावायची. धडा झाला की पॉइंट. दहा धडे झाले की बॅज, म्हणजे छातीवर लावायचा बिल्ला. मग लेव्हल, म्हणजे इयत्ता. लीडरबोर्ड, म्हणजे कोण कितवा याचा फळा. आणि स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस खाडा पडला नाही त्याचा आकडा. भाषा शिकवणारं ड्युओलिंगो लुईस फॉन आन आणि सेव्हरिन हॅकर या दोघांनी २०११ साली अमेरिकेत पिट्सबर्गला सुरू केलं, त्यात ही सगळी अवजारं आहेत. खान अकॅडमीवर गणितं सोडवली की एनर्जी पॉइंट मिळतात. टायपरेसरवर जितकं भरभर टाइप कराल तितकी तुमची गाडी पुढं पळते. भाचीचं ॲप कुठलं ते सोडा, एकदा हत्यारं ओळखता आली की ॲपच्या नावानं फारसा फरक पडत नाही.

नाव इंग्रजी असलं तरी गोष्ट आपल्याला नवी नाही. पलूस तालुक्यातल्या आमच्या गावाच्या जत्रेत आखाड्यात पहिल्यांदा रेवड्यांच्या कुस्त्या व्हायच्या. सहा-सात वर्षांची पोरं. वस्ताद दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करायचे, दंड चाचपायचे आणि मगच जोड लावायचे. जिंकला त्याला मूठभर रेवड्या, हरला त्यालाही चार. त्यानंतर नारळावरच्या कुस्त्या, मग पाच-दहा रुपयांच्या, ऊन कललं की हजारांच्या, आणि सगळ्यात शेवटी मानाची. मी दोनदा रेवड्यांवर लढलो, दोन्ही वेळा चितपट झालो, दोन्ही वेळा रेवड्या खाल्ल्या. नारळापर्यंत काही पोचलो नाही.

आता बघा, मोबाइलमधलं काय राहिलं यात? पायऱ्या आहेत, बक्षीस आहे, बघायला गाव आहे. पण वस्ताद आणखी एक काम करायचे. नारळाच्या जोडीचा एखादा दांडगा पोरगा रेवड्यांच्या लोभानं लहान पोरांत घुसला, की त्याचा कान धरून बाहेर काढायचे. हे काम लक्षात ठेवा. गच्चीवरच्या त्या धड्याशी त्याची गाठ आहे.

आधी ही युक्ती चालते का, ते बघू. आपल्याकडं ज्याच्या घरी ऊस आणि म्हैस दोन्ही आहे त्याला हे समजवावं लागत नाही. आडसाली ऊस लावला की तोड यायला दीड वर्ष. मग कारखान्याचं बिल. दूध मात्र डेअरीला घातलं की दर दहा दिवसांनी बिल. घर चालतं दुधावर, कर्ज फिटतं उसावर. नवीन विद्या शिकणं हा उसाचा व्यवहार आहे. आज तीस जर्मन शब्द पाठ केले तर आज काहीच हातात येत नाही, उलट डोकं दुखतं. खेळ काय करतो, तर उसाच्या मध्ये दुधाचं बिल देत राहतो. बरोबर आलं की टिंग. चुकलं की लगेच लाल. आमच्या क्लासमध्ये तर ही मोठीच सोय झाली. पूर्वी मशिनवर पोरगं पान टाइप करायचं, मी संध्याकाळी लाल पेनानं चुका काढायचो, आणि ते दुसऱ्या दिवशी बघायचं. तोवर बोटाला चुकीची सवय लागलेली असायची. आता चूक त्याच क्षणी दिसते. गुणांच्या झगमगाटापेक्षा याचं मोल मला जास्त वाटतं.

दुसरी गोष्ट पट्टीची. स्क्रीनवर एक पट्टी असते, धडा करत जाल तशी भरत जाते. काही ॲपमध्ये ती कधीच कोरी नसते, हे पाहिलंय का? ॲप उघडलं, नाव टाकलं, की पट्टी थोडी भरलेलीच. यामागं एक गमतीचा प्रयोग आहे. जोसेफ नुनेस आणि झेव्हियर द्रेझ या दोघांनी तो २००६ साली छापला. गाड्या धुण्याच्या सेंटरवर त्यांनी गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. काहींच्या कार्डावर आठ चौकोन, आठ शिक्के झाले की एक धुणं फुकट. बाकीच्यांच्या कार्डावर दहा चौकोन, पण त्यातले दोन आधीच मारलेले. दोघांनाही गाडी आठच वेळा धुवायची होती. आठवाल्यांपैकी शंभरी १९ जणांनी कार्ड पूर्ण केलं, दहावाल्यांपैकी ३४ जणांनी. काम तेवढंच, पण सुरुवात झाली आहे असं वाटलं की माणूस पुरं करायला बघतो.

तिसरी गोष्ट खाड्याची. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं, की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये हरवल्याचं दुःख सारखं नसतं, दुःख जास्त टोचतं. स्ट्रीक याच टोचणीवर उभा असतो. पहिल्या दिवशी आकडा एक असतो, गेला तर गेला. २१३ झाल्यावर तो तुमचा दागिना होतो. सोळा सोमवार करणाऱ्या बाईला बाराव्या सोमवारी उपास मोडताना जे वाटेल, तेच भाचीला गच्चीवर वाटत होतं.

चौथं अवजार जरा वाकडं आहे. काही ॲपमध्ये मधूनच एक पेटी उघडते. आत कधी दहा रत्नं, कधी पन्नास. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की दाणा ठरावीक टोचींनंतर मिळण्यापेक्षा कधी मिळेल याचा नेम नसला तर कबुतर जास्त चिकाटीनं टोचत राहतं. मटक्याची चटक याच जातीची. शिकण्याच्या ॲपमध्ये अशी पेटी दिसली की मी जरा सावध होतो, कारण तिचा शिकण्याशी काडीचा संबंध नसतो. ती तुम्हाला ॲपमध्ये ठेवण्यासाठी असते.

आता माझ्या क्लासमधली एक गोष्ट सांगतो, म्हणजे खोट कुठं आहे ते दिसेल.

एक पोरगा आला. घरी मोबाइलला कीबोर्ड जोडून टायपिंगच्या शर्यती खेळलेला. म्हणाला, "सर, माझा स्पीड इंग्रजी बेचाळीस आहे." परीक्षेला तीस आणि चाळीस शब्दांच्या पायऱ्या असतात, म्हणजे हा तयारच म्हणायचा. मी त्याला बसवलं. खरंच भरभर चालवत होता, पण चार बोटांनी, आणि मान खाली. मी खिशातला रुमाल काढला आणि त्याच्या दोन्ही हातांवर पसरला. "आता कर." पहिल्या ओळीत तीन चुका. दुसऱ्या ओळीला हात थांबला. घड्याळ लावून मोजलं, अकरा शब्द भरले. बिचाऱ्याचे कान लाल झाले.

खेळ खोटं बोलला नव्हता. त्यानं वेग मोजला, तो बेचाळीसच होता. पण नजर कागदावर आहे की बटणांवर, हे खेळाला दिसतच नाही. टायपिंग म्हणजे न बघता टाइप करणं, आणि नेमकी तीच गोष्ट मोजली जात नव्हती. पोरानं आठ महिने मन लावून चुकीची विद्या पक्की केली. त्याला ती विसरायला लावण्यात माझे तीन महिने गेले. कोऱ्या पोराला शिकवायला एवढा वेळ लागत नाही.

म्हणून कुठलंही असं ॲप हातात घेताना मी एकच प्रश्न विचारतो: हा आकडा वाढला म्हणजे माझं नक्की काय वाढलं? भाचीच्या २१३चा अर्थ '२१३ दिवस ॲप उघडलं' एवढाच होता. तिला हवं होतं जर्मन. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मोजतात, ए-वनपासून सी-टूपर्यंत, आणि जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-टू लागतं. त्यात वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग. चार पर्यायांतून एक दाबून बोलणं आणि लिहिणं येत नाही, आणि ॲपमध्ये ती बहुतेक वेळ तेच करत होती. तिच्या ऑनलाइन क्लासमध्ये बाईंनी एकदा विचारलं, काल काय केलंस? या पोरीला 'पाणी' आठवलं, 'दूध' आठवलं, 'काल' काही आठवेना.

लीडरबोर्डचंही तसंच. दर आठवड्याला वीस-तीस अनोळखी लोकांत तुमचा नंबर लागतो, वरचे पुढच्या गटात जातात. नंबर हवा असेल तर शहाणपणाचा मार्ग कुठला? सोपे धडे पुन्हा पुन्हा करणं. म्हणजे तोच दांडगा पोरगा, त्याच रेवड्या, आणि कान धरायला वस्ताद नाही.

याच्याही पुढचा धोका आहे, तो लहान पोरांच्या आईबापांनी नीट ऐकावा. मार्क लेपर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९७३ साली एक प्रयोग छापला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, चित्रं काढायची मुळातच आवड असलेली पोरं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र देऊ. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण चित्रं काढतंय ते बघितलं. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं, ती पोरं आता बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम मजुरीचं झालं. मजुरी बंद, काम बंद. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

यावरून बक्षीस वाईट असं कुणी समजू नये. त्या पोरांना आवड आधीच होती. जिथं आवड नाहीच, तिथं सुरुवातीला रेवडी लागते. टायपिंगचे पहिले पंधरा दिवस, एकच ओळ शंभरदा मारायची, यात आवडण्यासारखं आहे काय? तिथं खेळ लावावा, मी स्वतः लावतो. वरून अक्षरं पडतात, जमिनीला टेकायच्या आत बटण दाबायचं. पोरं ओरडतात, हसतात, करंगळी मुकाट कामाला लागते. महिन्याभरानं हात बसला की हातालाच गोडी लागते, मग मी खेळ हळूहळू काढून घेतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघांनी माणूस आपणहून का शिकतो यावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या मते तीन गोष्टी लागतात: मी माझ्या मर्जीनं करतोय, मला जमत चाललंय, आणि माझी माणसं सोबत आहेत. रेवड्यांच्या कुस्तीत तिन्ही होतं. रात्री बाराला गच्चीवर, माझ्या मते, एकही नव्हतं.

स्ट्रीकबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण भाचीचा शेवटी तुटलाच. लागोपाठ नाइट ड्युट्या लागल्या, वॉर्डात पेशंट जास्त, आणि बारा कधी वाजले ते कळलं नाही. आकडा शून्य. काही ॲपमध्ये असा खाडा पैसे भरून बुजवता येतो, तिथंही तशी सोय दिसत होती. तिनं भरले नाहीत. पण नंतर अकरा दिवस तिनं जर्मनचं नाव काढलं नाही. सवय खरी लागली असती तर एका खाड्यानं अकरा दिवस गेले नसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर बारा आठवडे पाहणी केली होती, नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात यावर. हिशेब मधोमध ६६ दिवसांचा निघाला, पण कुणाला १८ तर कुणाला, पुढचा अंदाज धरून, २५४. आणि त्यात कामाची गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. आकडा शून्यावर जातो. डोकं शून्यावर जात नाही. प्रोग्रामर लोक आपलं काम जिथं ठेवतात त्या गिटहबवर पूर्वी सलग दिवसांचा आकडा दिसायचा, तो त्यांनी २०१६ साली काढूनच टाकला. कुठल्या दिवशी किती काम केलं त्याचे हिरवे चौकोन तेवढे ठेवले.

मग ती परत सुरू कशी झाली? पहिलं म्हणजे मी तिला स्ट्रीकची सूचना बंद करायला लावली. हुज्जत घातली तिनं, पण केली. धडा रात्रीवरून सकाळच्या चहावर आणला. ड्युटी बदलली तरी चहा चुकत नाही. लीडरबोर्डवर नाव झाकता येत होतं, ते झाकलं.

दुसरं म्हणजे बुटाचा खोका. यावर माझा फार जीव आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ सालीच दाखवून दिलं होतं, की पाठ केलेलं आपण सुरुवातीला झपाट्यानं विसरतो आणि मग हळूहळू. म्हणजे उजळणी विसरायच्या बेताला केली तर ती कमी वेळा करावी लागते. सेबास्टियन लाइटनरनं १९७०च्या सुमाराला यातून खोक्याची पद्धत काढली. खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करायचे. एका चिठ्ठीवर पुढं मराठी, मागं जर्मन. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. उत्तर आलं की चिठ्ठी दुसऱ्यात, तो एक दिवसाआड. मग आठवड्यानं, असं करत पाचव्यापर्यंत. चुकली की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. अंकी नावाचं ॲप २००६ पासून हेच कॉम्प्युटरवर करतं, आणि त्यात टाळ्या वाजत नाहीत की घोडे नाचत नाहीत.

नीट बघितलं तर हाही खेळच आहे. पायऱ्या आहेत, बढती आहे, साप-शिडीसारखी घसरण आहे. फरक एवढाच, की पाचव्या कप्प्यात चाळीस चिठ्ठ्या आहेत याचा अर्थ चाळीस शब्द खरंच येतात. तिथं सोप्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा काढून नंबर वाढवता येत नाही. आकडा आणि विद्या एकमेकांना बांधलेली.

खोक्यातून आणखी एक गोष्ट निघाली. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं आणि नामाच्या आधी 'डेर', 'दी' किंवा 'दास' लावावं लागतं. ॲपमध्ये ती इंग्रजीतून शिकत होती, आणि इंग्रजीत सगळ्याला एकच 'द'. त्यामुळं ती वैतागायची. चिठ्ठीवर मराठी लिहायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं, की अरे, आपल्याकडं तो, ती, ते आहेच की! चमचा, काटा, सुरी तिन्ही लिहून बघितले. चमचा आपल्याकडं तो, तिकडंही डेर लोफेल. काटा आपल्याकडं तो, तिकडं मात्र ती, दी गाबेल. सुरी आपली ती, तिकडं ते, दास मेसर. जुळत नाही, पण प्रश्न ओळखीचा निघाला. जिथं जुळत नाही त्या चिठ्ठ्यांवर ती लाल टिकली लावते.

तिसरं मी तिच्यावर लादलं, ते म्हणजे रुमाल. दर रविवारी एक मिनिट, कागद न बघता, जर्मनमध्ये बोलून रेकॉर्ड करायचं आणि सोबत शिकणाऱ्या मैत्रिणीला पाठवायचं. मैत्रीण तिला पाठवणार. पॉइंट नाहीत. पहिल्या रविवारी अठरा सेकंदांत गाडी अडली आणि दोघी खो खो हसल्या. पण जुनं रेकॉर्डिंग ठेवलं होतं, ते दोन महिन्यांनी लावलं तेव्हा तिला स्वतःलाच पटेना, की हा आपला आवाज.

ॲप अजून आहे मोबाइलमध्ये. सकाळी चहाबरोबर दहा मिनिटं करते, बोटं सैल व्हायला बरं म्हणते. स्ट्रीक किती झाला असं मी मुद्दाम विचारलं, तर बघून सांगते म्हणाली.

परवाच्या रविवारचं रेकॉर्डिंग तिनं मलाही पाठवलं. मला जर्मन कळत नाही, पण मधेच 'रेवडी' ऐकू आलं. फोन केला. म्हणाली, "बाईंनी गावच्या जत्रेवर बोलायला सांगितलं होतं मामा. तुमच्या दोन कुस्त्या सांगितल्या."

"हरलो ते पण?"

"तेच तर सांगितलं. पण रेवडीला जर्मन शब्दच नाही, मग लिंग कुठलं लावायचं? मैत्रीण म्हणाली, दास लाव. मी म्हटलं, का म्हणून? ती रेवडी. दी रेवडी."

बाईंनी ते चालवून घेतलं म्हणे.